मसावि काढायचाय? अवयव सोडा, भागत सुटा

८९९ आणि ११४७ यांचा मसावि काढा असं सांगितलं की बहुतेकांचं काय होतं, आधी ८९९ ला २ ने भाग जातो का बघायचं, नाही, मग अंकांची बेरीज २६ म्हणजे ३ ने पण नाही, शेवटी ५ किंवा ० नाही म्हणजे ५ गेला, मग ७, ११, १३, १७, १९, २३ असं करत करत माणूस घामाघूम होतो आणि पार २९ ला पोचल्यावर एकदाचा भाग जातो, २९ × ३१. आणि इतकं करून अजून ११४७ बाकीच आहे! परीक्षेत एवढ्या वेळात पुढचे तीन प्रश्न सुटले असते.

शाळेत सहावी-सातवीत मसावि शिकवताना अवयव पद्धत आधी आणि भागाकार पद्धत नंतर, तीही घाईघाईत, असं बऱ्याच वर्गांत होतं. मला हा क्रम उलटा वाटतो. १२ आणि १८ साठी अवयव ठीक आहेत, ते डोक्यातच दिसतात, पण संख्या तीन-चार अंकी झाली की अवयव शोधणं हेच मुळात अवघड काम आहे आणि मसाविसाठी त्याची गरजच नाहीये. साधा भागाकार येणाऱ्या कुणालाही, एकही अवयव माहीत नसताना, कितीही मोठ्या दोन संख्यांचा मसावि काढता येतो. तेवढंच इथे नीट बसून बघू.

(कुणी विसरलं असेल तर, मसावि म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, दोन्ही संख्यांना नि:शेष भाग जाणारी मोठ्यात मोठी संख्या.)

कृती

दोन संख्या घ्या. मोठीला लहानने भागा. भागाकार किती आला याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, बाकी किती उरली ते बघायचं.

बाकी शून्य असेल तर काम संपलं, ज्याने भागलं तो भाजक हाच मसावि.

बाकी शून्य नसेल तर मोठी संख्या सोडून द्या, तिचं काम झालं. आता मगाचा भाजक हा नवा भाज्य आणि उरलेली बाकी हा नवा भाजक. पुन्हा भागा. बाकी शून्य येईपर्यंत हेच.

३५७ आणि २५५ घेऊ:

३५७ = २५५ × १ + १०२
२५५ = १०२ × २ + ५१
१०२ = ५१ × २ + ०

बाकी शून्य आली, त्या ओळीतला भाजक ५१, म्हणून मसावि ५१. पडताळा करायचाच, दहा सेकंद लागतात: ३५७ ÷ ५१ = ७, २५५ ÷ ५१ = ५, आणि ७ व ५ मध्ये १ सोडून काही कॉमन नाही. हा शेवटचा भाग विसरायचा नाही हं, दोघांना भाग गेला एवढ्यावरून तो फक्त सामाईक विभाजक ठरतो, महत्तम आहे हे उरलेल्या ७ आणि ५ वरून कळतं.

वहीत मुलं हे भागाकाराच्या कंसांनी लिहितात, एकाखाली एक, उतरत उतरत, आणि तिसऱ्या पायरीला कुठला आकडा कुठे न्यायचा यात गोंधळ होतो. त्यापेक्षा वर लिहिलंय तसं एका ओळीत एक भागाकार लिहा. प्रत्येक ओळीतले "× च्या आधीचा" आणि "+ च्या नंतरचा" असे दोन आकडे उचलून खालच्या ओळीत ठेवायचे, बास. चूक झाली तर शोधायलाही सोपं जातं.

नेहमी होणाऱ्या चुका म्हणाल तर दोन. एक म्हणजे शेवटच्या ओळीतला भागाकार (इथे २) उत्तर म्हणून लिहून टाकणं, किंवा बाकी ० आली म्हणून मसावि ० लिहिणं. उत्तर शेवटचा भाजक. दुसरी म्हणजे भागताना बाकी भाजकापेक्षा मोठी उरणं, तसं झालं तर भाग अजून एकदा जातो, परत बघा. आणि सुरुवातीला लहान-मोठी उलटी घेतली तर? काही बिघडत नाही. २५५ ला ३५७ ने भागलं तर भाग ० वेळा आणि बाकी २५५, म्हणजे पुढच्या ओळीत आपोआप ३५७ भागिले २५५ येतं. फक्त एक ओळ वाढते.

हे चालतं का पण?

नुसती कृती पाठ केली की आठवड्याभरात विसरते, म्हणून कारण एकदा बघून घ्या, कठीण नाही.

३५७ चे विभाजक: १, ३, ७, १७, २१, ५१, ११९, ३५७.
२५५ चे: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५.
दोघांत कॉमन: १, ३, १७, ५१.

आता पुढच्या जोडीकडे या, २५५ आणि १०२. १०२ चे विभाजक १, २, ३, ६, १७, ३४, ५१, १०२. यातले २५५ शी कॉमन कुठले? १, ३, १७, ५१. तीच यादी! आणि त्याच्या पुढची जोडी १०२ आणि ५१, तिथेही १, ३, १७, ५१.

हा योगायोग नाही. एखाद्या संख्येने ३५७ ला पण भाग जातो आणि २५५ ला पण, तर त्यांच्या वजाबाकीला, म्हणजे १०२ ला, जाणारच. आणि उलट बाजूने, २५५ ला आणि १०२ ला जाणाऱ्या संख्येने त्यांच्या बेरजेला, म्हणजे ३५७ ला, भाग जाणारच. म्हणजे जोडी बदलली तरी सामाईक विभाजकांची यादी तीच, त्यात ना एक वाढत ना एक गळत, आणि आकडे मात्र दर पायरीला लहान होत जातात. भागाकार म्हणजे तरी काय, तीच वजाबाकी पुन्हा पुन्हा करायच्या ऐवजी एका दमात केलेली. शेवटी अशी जोडी येते की लहान संख्येने मोठीला पूर्ण भाग जातो, तिथे मोठ्यात मोठा सामाईक विभाजक ती लहान संख्या स्वतःच.

हेच डोळ्यांनी बघायचं असेल तर फरशीचं गणित घ्या. खोली ५.४६ मीटर बाय ४.६२ मीटर, एकही फरशी न कापता बसेल अशी मोठ्यात मोठी चौरस फरशी किती सेंटिमीटरची? आधी दशांशचिन्ह घालवा, ५४६ सेमी आणि ४६२ सेमी. (मीटर-सेंटिमीटर मिसळून भागायला घेणारे पण असतात, आधी एकक एक करा.)

५४६ = ४६२ × १ + ८४
४६२ = ८४ × ५ + ४२
८४ = ४२ × २ + ०

फरशी ४२ सेमीची, एका बाजूला १३, दुसऱ्या बाजूला ११, एकूण १४३. आता कागदावर ५४६ × ४६२ चा आयत काढा. त्यातून ४६२ चा एक चौरस कापला की ८४ रुंदीची पट्टी उरते. त्या पट्टीतून ८४ चे पाच चौरस निघतात आणि ८४ × ४२ चा तुकडा उरतो. त्यातून ४२ चे दोन चौरस, आणि काही उरत नाही. पहिल्या ओळीतला १, दुसरीतला ५, तिसरीतला २, हे ते चौरस! खऱ्या दुकानात ४२ सेमीची टाइल मागितली तर दुकानदार दोन बाय दोन फुटाचीच दाखवेल आणि मिस्त्री कटर चालवणारच, पण तो वेगळा विषय.

आता ती सुरुवातीची जोडी

११४७ = ८९९ × १ + २४८
८९९ = २४८ × ३ + १५५
२४८ = १५५ × १ + ९३
१५५ = ९३ × १ + ६२
९३ = ६२ × १ + ३१
६२ = ३१ × २ + ०

मसावि ३१. सहा ओळी, आणि एकही अवयव शोधला नाही. ८९९/११४७ हा अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आणायचा असेल तर वर-खाली ३१ ने भागा, २९/३७.

सहा ओळी पण जास्त वाटत असतील तर दोन युक्त्या आहेत आणि दोन्ही वापरण्यासारख्या आहेत.

पहिली युक्ती, जवळच्या पटीला जा. बाकी नेहमी "उरली" अशीच हवी असं काही नाही, "कमी पडली" तरी चालते. ८९९ ला २४८ ने भागताना ३ वेळा गेला तर १५५ उरतात, पण ४ वेळा घेतला तर २४८ × ४ = ९९२, फक्त ९३ कमी पडतात. ९३ लहान, मग तेच घ्या:

११४७ = ८९९ × १ + २४८
८९९ = २४८ × ४ − ९३
२४८ = ९३ × ३ − ३१
९३ = ३१ × ३

चार ओळींत काम झालं. नियम असा की बाकी भाजकाच्या निम्म्यापेक्षा मोठी येत असेल तर एक जास्त वेळा भाग घालून कमी पडलेला आकडा उचला. कारण तेच, यादी बेरीज-वजाबाकीने बदलत नाही.

दुसरी युक्ती, निरुपयोगी अवयव फेकून द्या. पहिल्या ओळीनंतर जोडी होती ८९९ आणि २४८. ८९९ विषम आहे, म्हणजे मसाविमध्ये २ असूच शकत नाही, मग २४८ मधले सगळे २ काढून टाका: १२४, ६२, ३१. आता ८९९ ला ३१ ने भागा, २९ वेळा, बाकी शून्य. झालं, दोन भागाकार! ५ साठी पण हेच, एकीच्या शेवटी ५ किंवा ० नसेल तर दुसरीतला ५ काढून टाकायचा. मात्र सांभाळून, एखादा अवयव दोघांतही असेल तर तो फेकायचा नाही, बाजूला लिहून ठेवायचा आणि शेवटी उत्तराला गुणायचा. ३५७०० आणि २५५०० असेल तर १०० बाजूला, ३५७ आणि २५५ चा मसावि ५१, उत्तर ५१००.

कॅल्क्युलेटरवर करत असाल तर बाकी थेट दिसत नाही, दशांशात उत्तर येतं. ४८३२७ ÷ ३९१ केलं की १२३.५९८ असं काहीतरी दिसेल, त्यातला पूर्ण भाग १२३ घ्या, ३९१ × १२३ = ४८०९३, ते ४८३२७ मधून वजा करा, बाकी २३४. दशांश भाग बघून अंदाजे बाकी लिहू नका. एक्सेल उघडलेलंच असेल तर त्यात बाकी देणारं एमओडी आणि थेट मसावि देणारं जीसीडी अशी दोन्ही फंक्शन्स आहेत.

लसावि फुकटात मिळतो

लसावि म्हणजे लघुतम सामाईक विभाज्य, दोन्ही संख्यांनी जिला नि:शेष भाग जातो अशी लहानात लहान संख्या. दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे त्यांचा मसावि गुणिले लसावि. म्हणून मसावि हाताशी असला की लसाविसाठी वेगळं काही करायचं नाही. ३५७ आणि २५५ साठी आधी गुणाकार करत बसू नका, आधी भागा: २५५ ÷ ५१ = ५, मग ३५७ × ५ = १७८५.

पण हे सूत्र दोनच संख्यांसाठी! तीन संख्यांना लावून मार्क घालवणारे खूप आहेत. ४, ६, १० घ्या: गुणाकार २४०, मसावि २, भागले की १२० येतं, पण खरा लसावि ६० आहे.

तीन संख्या असतील तर

आधी कुठल्याही दोघींचा मसावि काढा, मग जे आलं त्याचा आणि तिसरीचा. तीन टाक्यांत ३९१, ४२५ आणि ५२७ लिटर पाणी आहे, प्रत्येक टाकी पूर्ण मोजता येईल असं मोठ्यात मोठं माप कोणतं?

४२५ = ३९१ × १ + ३४
३९१ = ३४ × ११ + १७
३४ = १७ × २ + ०

आता ५२७ ला १७ ने भागा, ३१, बाकी शून्य. माप १७ लिटरचं. जवळजवळच्या दोन संख्या आधी घेतल्या की पहिलीच बाकी लहान येते, इथे ३४ आली तशी.

परीक्षेत फिरवून विचारतात ते

पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, सगळीकडे हे दोन प्रकार येतात.

पहिला: अशी मोठ्यात मोठी संख्या सांगा जिने ४३७ ला भागल्यास बाकी ५ आणि ५५१ ला भागल्यास बाकी ११ उरते. बाक्या आधीच वजा करा, ४३२ आणि ५४०. ५४० = ४३२ × १ + १०८, ४३२ = १०८ × ४. उत्तर १०८. आलेलं उत्तर दिलेल्या बाक्यांपेक्षा मोठं आहे ना, एवढं बघा.

दुसरा जरा खोडकर: २०५, ३६७ आणि ५८३ यांना मोठ्यात मोठ्या कोणत्या संख्येने भागल्यास प्रत्येक वेळी सारखीच बाकी उरते? बाकी किती ते दिलेलंच नाही. नकोच आहे. बाकी सारखी म्हणजे वजाबाकी केली की ती उडून जाते, उरलेल्या फरकांना नि:शेष भाग जातो. ३६७ − २०५ = १६२, ५८३ − ३६७ = २१६. २१६ = १६२ × १ + ५४, १६२ = ५४ × ३. उत्तर ५४. आणि बघा, २०५ ला ५४ ने भागून बाकी ४३, ३६७ ला पण ४३, ५८३ ला पण ४३. पद्धतीचं कारण ज्याला कळलंय त्याला हा प्रश्न पाठ करावा लागत नाही, "वजा केलं तरी भाग जातो" हीच ती गोष्ट.

किती ओळी लागतील

फ्रेंच गणिती लामे याने १८४४ मध्ये दाखवलं की लहान संख्येत जितके अंक त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. ८९९ तीन अंकी, म्हणजे जास्तीत जास्त १५, आपल्याला ६ लागले. सगळ्यात छळणाऱ्या जोड्या म्हणजे १, १, २, ३, ५, ८, १३ या फिबोनाची मालिकेतल्या शेजारच्या संख्या, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक ओळीत भाग एकदाच जातो. ८९ आणि ५५ करून बघा, बाक्या ३४, २१, १३, ८, ५, ३, २, १, ० अशा उतरतात, नऊ भागाकार, आणि मसावि १. शेवटचा भाजक १ आला की समजायचं दोन्ही संख्या सहमूळ आहेत, गणित चुकलेलं नाही.

ही पद्धत युक्लिडच्या नावाने ओळखली जाते, इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासच्या त्याच्या भूमितीच्या ग्रंथात सातव्या भागाच्या सुरुवातीलाच ती आहे. आपल्याकडे आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथातला कुट्टक, म्हणजे समीकरणांची पूर्णांकातली उत्तरं शोधायची रीत, याच परस्पर भागाकारावर उभा आहे. आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत कुट्टकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय की दोन संख्या एकमेकींना भागत गेल्यावर शेवटी (शून्याच्या आधी) जो शेष उरतो तोच त्यांचा अपवर्तक, म्हणजे आपला मसावि, त्याने दोघींना भागून घ्या आणि मग पुढे जा. त्यांचं पहिलंच उदाहरण २२१ आणि १९५ चं आहे:

२२१ = १९५ × १ + २६
१९५ = २६ × ७ + १३
२६ = १३ × २ + ०

मसावि १३, उरले १७ आणि १५. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाणाऱ्यांनी तिथला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख पाहिला असेल, तेच हे घराणं.

आणि ही जुनी गोष्ट आजही कामाची आहे. इंटरनेटवरच्या सुरक्षेत वापरली जाणारी आरएसए किल्ली म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार, २०४८ बिटची किल्ली दशमानात ६१७ अंकी होते. तिचे अवयव पाडणं आजच्या कॉम्प्युटरना जमत नाही, सगळी सुरक्षा त्यावरच आहे. पण अशा दोन किल्ल्यांचा मसावि? लामेच्या हिशोबाने फार तर ३०८५ भागाकार, कॉम्प्युटरला डोळ्याची पापणी लवायच्या आत. २०१२ मध्ये संशोधकांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या आणि त्यांचे आपापसात मसावि काढले, तर काही किल्ल्यांमध्ये एक मूळ संख्या कॉमन निघाली, म्हणजे त्या दोन्ही किल्ल्या तिथेच फुटल्या. आपले ८९९ आणि ११४७ अगदी तसेच आहेत, २९ × ३१ आणि ३१ × ३७, एकेकटे बघितले तर दाद देत नाहीत, शेजारी बसवून भागले की ३१ बाहेर.

हात बसवायला

हे तीन करून बघा, उत्तरं खाली आहेत, आधी बघू नका.

१) ६१६ आणि १००१
२) २९२३/३२३९ ला अतिसंक्षिप्त रूप द्या
३) ९८७ आणि ६१०

पहिल्याचं ७७. दुसऱ्यात मसावि ७९, म्हणून ३७/४१. यात पहिली बाकी ३१६ येते आणि दोन्ही संख्या विषम आहेत, म्हणजे ३१६ मधले २ लगेच फेकता येतात आणि ७९ समोर उभा राहतो. तिसरी जोडी सहमूळ, मसावि १, सरळ भागत गेलात तर १४ ओळी होतील, पण जवळच्या पटीची युक्ती वापरलीत तर (९८७ = ६१० × २ − २३३ अशी सुरुवात) ८ ओळींत उरकतं.